सातोनकरांची पांढरी जीप

मुकुंदवाडीच्या सिग्नलवर दुपारी दिगंबर सातोनकरांना चौघांनी मारलं. संध्याकाळी दवाखान्यात ते वारले. ते माझे शेजारी होते. त्यांच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच होती.

एवढं लिहून मी बरेच महिने थांबलो. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागच्या जागी लावून ठेवायचं, एवढंच मला येतं. सातोनकर मला ‘मास्तर’ म्हणायचे. मी कधी एक तासही शिकवलेला नाही, हे त्यांना माहीत होतं. पहिल्यांदा मी दुरुस्ती केली तेव्हा म्हणाले, “पुस्तकं हायेत ना घरात? मग मास्तरच.” विषय संपला.

सगळी गल्ली त्यांना दिगूभाऊ म्हणायची, पण पाठीमागे. समोर कुणी फारसं जात नसे.

सिडकोतली आमची घरं ओळीनं बांधलेली आहेत. शेजारच्या कुकरच्या शिट्टीला आपण गॅस बंद करायला उठावं, अशी भिंत. त्या भिंतीतून मला सातोनकर आधी ऐकू आले, दिसले नंतर. वाळूजच्या एका कारखान्यात ते रंगकामाच्या विभागात सुपरवायझर होते. बुटके, मानेत रुतलेलं डोकं, मनगटं खांबासारखी, अंगाला कायम थिनरचा वास. गाडीचा पत्रा रंगून बाहेर आला की ट्यूबलाइटखाली तिरका धरून दोष शोधायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ती सवय घरी येत असे. ताट समोर आलं की ते तिरकं धरून बघत. लग्नपत्रिका तिरकी धरत. मी दिलेलं पुस्तकसुद्धा एकदा उजेडाखाली तिरकं धरून म्हणाले, “लॅमिनेशनला बुडबुडा हाय मास्तर.” पुस्तक मात्र वाचलं नाही.

त्यांचा हात फार लवकर उठायचा. कामगारांच्या बसमध्ये एक जण मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायचा. सातोनकरांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग मोबाइल घेतला आणि चालत्या बसच्या खिडकीतून फेकला. तो माणूस उठला तसा त्याचा समोरचा दात पाडला. कंपनीनं काही दिवस घरी बसवलं, तर घरी दुधाचं पातेलं भिंतीवर गेलं. माझ्या बाजूच्या कपाटातली पुस्तकं हलली. शालूवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुसऱ्या दिवशी दारात भेटल्या तर म्हणाल्या, “भिंतीला दूध पाजलं काल. घर बाळसं धरंल आता.” त्या जिंतूरच्या. हसत बोलायच्या आणि बोलताना पदरानं कोपर झाकायच्या.

मग अमोलचं झालं. अमोल त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा पाचवीत. सातोनकरांनी स्वतःच्या स्कूटरची टाकी घरीच रंगवली होती, गडद निळी, आरशासारखी. पोरानं कंपासच्या टोकानं तिच्यावर स्वतःचं नाव कोरलं. वडलांच्या गाडीवर आपलं नाव असावं, एवढंच त्याच्या मनात असणार. मला भिंतीतून एकच आवाज आला. नंतर काही नाही. मग पोराचा आवाज, रडका नव्हे, नुसता चौकशीचा: “आई, तू काय म्हणतेस? आई, जोरात बोल ना.”

डाव्या कानाचा पडदा फाटला होता. पोराला दवाखान्यात नेताना रिक्षात मी होतो. सातोनकर ओट्यावर बसून होते, आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवून, तो दुसऱ्याचा असल्यासारखा त्याच्याकडे बघत. अमोलला त्या कानानं नंतर कधीच ऐकू आलं नाही. तो आजही समोरच्याकडे उजवी बाजू करून बसतो.

दोन दिवसांनी जिंतूरहून वहिनींचे वडील जीप घेऊन आले. पांढरी, जुनी, कापडी टपाची. वडील खाली उतरले नाहीत. इंजिनही बंद केलं नाही. वहिनींनी पोराला मागं बसवलं, पिशव्या टाकल्या. सातोनकर फाटकाला धरून उभे होते. जीप गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ते तसेच होते. नंतर आत जाऊन त्यांनी घरातल्या काय काय वस्तू फोडल्या, ते मी ऐकलं. इथं लिहीत नाही.

गाड्यांचं वेड तेव्हापासूनचं. अमोलच्या वाढदिवसाला त्याच्या मामानं मुंबईहून एक खोका पाठवला होता: प्लास्टिकचे सुटे भाग, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची गाडी तयार. पोराच्या आवाक्याबाहेरचं ते काम होतं, म्हणून खोका कपाटावर पडून होता. रिकाम्या घरात सातोनकरांनी तो उघडला. पहिली गाडी जुळेना. दार बसेना, काच बसेना. मी भिंतीतून वरवंट्याचे घाव ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. ओंजळीत प्लास्टिकचा चुरा.

“मास्तर, फेव्हिक्विक हाय का?”

तो चुरा त्यांनी पंधरवडाभर चिकटवला. सांध्यात रंगाऱ्याची लांबी भरली, घासली, परत भरली. गाडी झाली, पण अपघातात सापडल्यासारखी झाली. ती त्यांनी कधी रंगवली नाही. तशीच शोकेसच्या तळाच्या फळीवर ठेवली.

काही महिन्यांनी वहिनी परत आल्या. त्याच जीपमधून. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी अट सांगितली. “कुणावर हात उचलला, माझ्यावर, पोरावर, रस्त्यावरच्या माणसावर, तर ही जीप परत येईल. मग मी उतरणार नाही.”

सातोनकर म्हणाले, “व्हय.”

त्या ‘व्हय’वर ते घर उभं राहिलं. पुढं वहिनींचे वडील वारले, जीप भंगारात गेली, तरी घरात ती चालूच होती. सातोनकरांचा आवाज चढला की वहिनी पोळी लाटता लाटता विचारायच्या, “काय ओ, जीप बोलवू का?” ते उठायचे. “घासतो जरा,” म्हणायचे आणि मागच्या खोलीत अर्धवट गाडीपाशी जायचे. मग भिंतीतून पॉलिश पेपरचा आवाज सुरू व्हायचा. खस, खस, खस. त्या आवाजावरून मला राग मोजता येऊ लागला. थोडका असला तर चहा होईपर्यंत थांबायचा. मोठा असला तर सगळी दुपार चालायचा. राग गेला असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. “गुळगुळीत झाला” म्हणायचे.

रंग द्यायचा दिवस त्या घरात सणासारखा. ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला की काम वाया. म्हणून सातोनकर अंघोळ करून न्हाणीघराची फरशी ओली करत, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि कपड्यांचे धागे उडतात म्हणून नुसता पंचा लावून आत बसत. छोट्या कॉम्प्रेसरची घरघर भिंतीतून यायची. कुणी भेटायला आलं तर वहिनी दारातूनच सांगत, “आत नका येऊ. सोवळ्यात हायेत.” पावसाळ्यात लॅकर, म्हणजे रंगावरचा चकचकीत थर, पांढरी पडते म्हणून ते रंगकाम करत नसत, ते चार महिने त्यांना सगळ्यात जड जात. ते चार महिने नुसतं घासणं.

अमोल बारावीत असताना एकदा जीप निघाली होती. मी तेव्हा त्यांच्याकडेच बसलो होतो. पोराचे गुण कमी आले म्हणून बोलणं सुरू झालं. सातोनकर म्हणाले, वाळूजला चिकटवून देतो. अमोल उजवी बाजू त्यांच्याकडे करून बसला होता. शांतपणे म्हणाला, “मला तुमच्यासारखं नाही व्हायचं.”

हात उठला. तो आम्ही तिघांनीही पाहिला, वर गेलेला. मग तो वळला आणि शोकेसच्या काचेत घुसला. फळ्या कोसळल्या. गाड्या फरशीवर सांडल्या. मनगटापासून रक्ताची धार लागली ती लाल, निळ्या, चंदेरी टपांवर. अमोल जागचा हलला नाही. वहिनींनी टॉवेल गुंडाळला, करकचून गाठ मारली.

सातोनकर पांढरे पडले होते, पण त्यांना दुसरीच काळजी होती. “शालू, हे धरायचं का?”

“काय धरायचं?”

“हात उचलला का मी?”

वहिनींनी जमिनीकडे पाहिलं. “काचेवर उचलला.”

“मग जीप?”

“आधी टाके घालू. जीपचं नंतर बघू.”

शेवटच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. ती परत वळली नाहीत. पुढं सगळं काम त्यांनी अंगठा आणि दोन बोटांवर केलं. अंगठा त्यामुळे आणखी रुंद झाला, टोकाला चपटा. वहिनी मला म्हणाल्या, “निघाली होती भाऊजी जीप. अर्ध्या रस्त्यातून माघारी लावली.” अमोल मात्र निघून गेला. पुण्यात शिकला, तिथंच नोकरीला लागला. फोन आईच्या मोबाइलवर करायचा. वडलांनी विचारलं, तर जेवढ्यास तेवढं.

गल्लीत शेवटच्या घरात गव्हाणे राहतात. नवी गाडी घेतल्यावर त्यांनी ती सातोनकरांच्या फाटकासमोर लावायला सुरुवात केली. एका रविवारी सातोनकरांनी सांगितलं, गाडी काढा. गल्लीतले सगळे ओट्यावर पेपर वाचत होते.

गव्हाणे म्हणाले, “तुमच्या गाड्या तर शोकेसमधी मावतात, सातोनकर. रस्ता कशाला लागतो? का संध्याकाळी फिरवता दोरी बांधून?”

कुणीतरी हसलं.

“गाडी काढा.”

“टुर्रर्र करून दाखवा एकदा, काढतो.”

सातोनकरांचे दोन्ही हात पँटच्या खिशात गेले. खिसे नारळ ठेवल्यासारखे फुगले. मानेची शीर मला माझ्या ओट्यावरून दिसत होती. गव्हाणे त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होते, पण त्या माणसानं एकदा हात बाहेर काढला असता तर गव्हाणे उठले नसते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, गव्हाण्यांनाही. सगळे वाट बघत होते. मला वाटतं, काहींना ते व्हावं असंही वाटत होतं.

सातोनकर म्हणाले, “टुर्रर्र.” अगदी सपाट आवाजात. आणि आत गेले.

त्या दिवशी भिंतीतला आवाज अंधार पडेपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून एक गाडी हातात दिली. टपाला मधोमध भोक. घासून घासून प्लास्टिक आरपार गेलं होतं, कडा कागदासारख्या.

“असं कसं झालं?” मी विचारलं.

“हे गव्हाणेचं टाळकं हाय, मास्तर.” गाडी परत घेत म्हणाले, “लई दिवसांची मेहनत होती. पण जाऊ द्या. हितं भोक पडलेलं बरं.”

गव्हाण्यांची गाडी तेव्हापासून त्यांच्या स्वतःच्या दारात लागते.

अमोलचं लग्न ठरलं तेव्हा सातोनकर निवृत्त होऊन घरी होते. त्यांनी ती जीप करायला घेतली. तयार खोका नाही, सगळं हातानं. प्लास्टिकच्या पत्र्याचे थर चिकटवून अंग, पितळी तारेचा सांगाडा, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे फुगे कापून दिव्यांच्या काचा, टिश्यू पेपर गोंदात भिजवून वरचं कापड. बाहेरून ती हुबेहूब जमली. नंबरप्लेटच्या पिचक्या कोपऱ्यासकट. आत काय होतं ते त्यांना आठवेना. वहिनींना विचारलं.

वहिनी मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, “तुम्ही बाहेरून बघितली ना. आतून मी बघितली.”

“तेच विचारतोय, शालू. सांग.”

हातातली जुडी त्यांनी खाली ठेवली. मग एकेक सांगत गेल्या आणि ते चष्मा सारखा करत ऐकत गेले. मागच्या सीटचं रेक्झिन काळं होतं. डाव्या बाजूला फाटलेलं. त्यातून काथ्या बाहेर आला होता. “अमोल माझ्या मांडीवर आडवा होता. कानात बोळा. काथ्या उपटत होता. जिंतूरपर्यंत एक शब्द बोललं नाही लेकरू. नुसता काथ्या उपटत होता.”

सातोनकर उठले. “घासतो जरा,” म्हणाले. मी घरी आलो. पण त्या दिवशी भिंतीतून घासण्याचा आवाज आला नाही.

त्यांनी ती सीट केली. काळी, डावीकडे फाटलेली, आणि फाटलेल्या जागी नारळाच्या शेंडीचे धागे, केसापेक्षा बारीक चिरून, चिमट्यानं लावलेले. मला दाखवताना म्हणाले, “पोराला देणार हाय. म्हणणार, आता जीप तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मी हात उचलला असं कधी कळलं, तर तू ठरव.” हे त्यांनी मला पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, दुसऱ्या शब्दांत. पाठ करत होते.

शेवटच्या चकचकीत थराच्या वेळी घरचा कॉम्प्रेसर बंद पडला. मुकुंदवाडी स्टेशनजवळ त्यांच्या ओळखीच्या एकाचं गॅरेज आहे, तिथं रंगाची बंद खोली आहे. सकाळी जीप घेऊन गेले. अमोल दुसऱ्या दिवशी यायचा होता. लॅकर वरून सुकली तरी आतून बराच वेळ मऊ राहते; थांबायला हवं होतं. थांबले नाहीत. उघड्या खोक्यात जीप ठेवली, स्कूटरवर धक्के बसतील म्हणून रिक्षा केली.

पुढचं सगळं रिक्षावाल्या शकीलनं आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. अंत्यसंस्कार झाले होते, माणसं पांगली होती. त्याच्या डोक्याला पट्टी होती आणि मांडीवर मिठाईचा डबा. समोर वहिनी आणि अमोल; अमोल उजवा कान त्याच्याकडे करून.

सिग्नलवर रिक्षा एका गाडीच्या आरशाला घासली. आरसा फुटलाही नव्हता. गाडीतून चौघं उतरले. त्यांनी शकीलला कॉलर धरून बाहेर ओढला, हँडलवर तोंड आपटलं. सातोनकर खोका घेऊन खाली उतरले.

“काका बोले, सोडा त्याला. गाडीला ओरखडा असंल तर मी काढून देतो, माझं कामच ते हाय. तो एक जण बोला, तू कौन बे थेरड्या? आणि दिली एक कानाखाली.”

अमोलनं मान वर केली.

“मग?”

“काका तसेच. बघत राह्यले त्याच्याकडं. क्या बोलू भाई, असे बघत होते ना, वो चौघं एक कदम पीछे हटले. मला वाटलं आता हे चौघं मरतात. मी ओरडलो, काका, खोका मेरेकू द्या! हात तो मोकळे करा!”

“दिला?”

“नाय दिला. बोले, ‘असू दे. हे हातात असलेलं बरं.’”

मग चौघांनी मिळून मारलं. एकाकडे गाडीतला रॉड होता. पहिला फटका खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर. ते गुडघ्यावर बसले. लाथेनं खोका फाटला, तेव्हा त्यांनी जीप बाहेर काढून छातीशी धरली आणि पाठ वर केली. पाठीवर, बरगड्यांवर मारत राहिले. सिग्नल सुटला होता. गाड्या वळसा घालून जात होत्या. काही जण मोबाइल धरून उभे होते. शेवटचा फटका डोक्यात बसला. ते दुभाजकावर पडले तेव्हाही हात छातीशीच होते. दवाखान्यात बोटं एकेक करून सोडवावी लागली. दोन बोटं वळत नव्हती, त्यामुळे अंगठ्याचीच पकड घट्ट होती.

वहिनी पुढे सरकल्या. आता त्यांनी विचारलं, “त्यांनी हात उचलला का? एकदा तरी?”

“नाय भाभी.”

“नीट आठवून सांग.”

“कसम से, भाभी. नाय उचलला.”

वहिनींनी मान हलवली. मग त्या मोठ्यानं रडल्या. तोवर रडल्या नव्हत्या.

अमोल आईकडे पाहत नव्हता. तो शकीलला म्हणाला, “काय म्हणाले ते? खोका मागितलास तेव्हा. परत सांग.”

“‘असू दे. हे हातात असलेलं बरं.’”

“परत एकदा.”

शकीलनं परत सांगितलं. मग मिठाईचा डबा पुढे केला. जीप त्यात होती. पुढची एक काच गेली होती, मागचं चाक तिरकं झालं होतं. बाकी ती शाबूत होती.

चौघं तुरुंगात आहेत. खटला सुरू आहे. मी गव्हाण्यांबरोबर दोन तारखांना जाऊन आलो. न्यायला गव्हाणेच आले होते, त्यांच्या गाडीतून.

अमोल अलीकडे येऊन गेला. त्यानं मागच्या खोलीतली हत्यारं, कानशी, रंगाच्या बाटल्या पुण्याला नेल्या. जायच्या आधी जीप घेऊन माझ्याकडे आला. खिडकीच्या उजेडात ती तिरकी धरली आणि म्हणाला, “काका, इथं बघा.” बॉनेटवर, मऊ लॅकरमध्ये, अंगठा उमटला होता. रुंद, टोकाला चपटा; रेषा मोजता याव्यात इतका स्वच्छ. बारीक पॉलिश पेपरनं असा डाग चहा होईपर्यंत निघतो. एवढं मलाही आता माहीत आहे.

शालूवहिनी शेजारच्याच घरात राहतात. भिंतीतून कुकरची शिट्टी येते, रेडिओ येतो. जीप पुण्याला अमोलच्या घरी आहे. मागचं चाक त्यानं सरळ केलं आहे. काच बसवली आहे. बॉनेट त्यानं घासलेलं नाही.